सहा जंपर आणि सातवा ट्रॅक

जुलैचा शेवटचा आठवडा होता, पाऊस नुसता लागून राहिलेला, आणि नाशिकच्या अंबड एमआयडीसीतले एक काका दोन पिशव्यांत गुंडाळलेला मदरबोर्ड छातीशी धरून सिडकोत माझ्या बोर्ड-दुरुस्तीच्या टेबलापाशी आले. मागे त्यांचा भाचा, विशीतला पोरगा, मान खाली. काकांचं छोटं वर्कशॉप आहे, पत्र्याला पंचिंग करायचं जुनं मशीन आहे आणि ते मशीन एका तितक्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. तीन दिवस सगळं बंद. "भाऊ, पोराच्या हातून झालंय, त्याला मी काही बोललो नाही, पण हे चालू झालं पाहिजे," एवढंच म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

झालं होतं असं की प्रोसेसरचा फॅन आवाज करत होता, भाच्याने तो बदलायला घेतला. सॉकेट ३७० चा, म्हणजे प्रोसेसर बसायच्या त्या जुन्या खोबणीचा बोर्ड, पेंटियम थ्री. ज्यांनी हे कूलर काढलेत त्यांना माहितीये, त्याची स्टीलची पट्टी सॉकेटच्या प्लास्टिकच्या नखात अडकलेली असते आणि ती सोडवायला चपट्या स्क्रूड्रायव्हरने चांगला जोर लावून खाली दाबावी लागते, आणि त्या जोरातच स्क्रूड्रायव्हर सटकतो आणि सरळ बोर्डावर उतरतो. इथं तो सॉकेट आणि रॅमच्या स्लॉटच्या मधोमध उतरला आणि साधारण दीड-पावणेदोन सेंटिमीटरची चरी पाडून थांबला. त्यानंतर मशीन चालू केलं तर स्क्रीन काळी आणि स्पीकरमधून लांब लांब बीप.

दुसरा बोर्ड का नाही घेतला, हे मला बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सांगतो. मशीनचं कंट्रोल कार्ड आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं आहे, तो स्लॉट आजच्या साध्या बोर्डवर नसतोच. आयएसएवाले इंडस्ट्रियल बोर्ड अजून मिळतात पण महाग पडतात, आणि मशीनचा प्रोग्रॅम डॉस या जुन्या सिस्टिमवर चालणारा, वेळ मोजायला प्रोसेसरच्या वेगावर विसंबलेला, तो वेगळ्या वेगाच्या बोर्डवर नीट चालेल असं छातीठोकपणे सांगायला कोणी तयार नव्हतं. अख्खं कंट्रोल बदलायचं म्हणजे खर्च लाखांत. एम.जी. रोडला जुने बोर्ड शोधून झाले होते, या चिपसेटचा (प्रोसेसर, रॅम वगैरेंना जोडणाऱ्या मुख्य चिपांचा), म्हणजे इंटेल ४४० बीएक्सचा, चालू बोर्ड कुठं हाती लागला नाही. ४४० बीएक्स आला १९९८ साली, तेव्हा इतकी वर्षं चाललेला बोर्ड चार रेघांपायी भंगारात टाकायचा हे माझ्याही मनाला पटत नव्हतं.

बोर्डाला हात लावायच्या आधी मी विचारलं, हार्डडिस्क कुठंय? ती कॅबिनेटमध्येच होती. म्हटलं आधी ती घेऊन या, तिची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवू. बोर्ड मेला तर दुसरा कधीतरी सापडेल, पण तो प्रोग्रॅम जगात त्या एकाच डिस्कवर असेल तर? काकांकडे फ्लॉपी होत्या, पण त्यातली एक वाचेना. इमेज निघाली तेव्हा मला जरा मोकळा श्वास घेता आला.

आता बोर्ड. आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, जागा धुतली, मऊ ब्रशने घासली आणि मायक्रोस्कोपखाली घेतली. नुसत्या डोळ्यांना एक पांढरट ओरखडा दिसत होता, खाली बघितलं तर नऊ ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघा, त्या चरीखाली आलेले. सहा पार तुटलेले, दोन्ही टोकं वर वळलेली. सातव्याचं मास्क, म्हणजे तांब्यावरचं हिरवं आवरण, गेलेलं, तांबं चमकत होतं, त्याच्यावर आडवी रेघ, पण ट्रॅक सलग दिसत होता. शेवटच्या दोघांचं फक्त हिरवं मास्क खरवडलेलं. आणि एक गोष्ट जी घाईत हमखास सुटते, चौथ्या ट्रॅकचं सोललेलं तांबं पाचव्यावर जाऊन टेकलं होतं, केसासारखी बारीक कीस. म्हणजे तुटलेलं तर तुटलंच, वर दोन लाइन आपसात शॉर्ट. नुसते जंपर, म्हणजे तुटलेल्या जागेवरून जोडवायरी, मारून मोकळं झालो असतो तर हा शॉर्ट तसाच राहिला असता.

पोस्ट कार्ड, म्हणजे चालू होताना बोर्ड कुठल्या पायरीवर आहे ते कोडने दाखवणारं कार्ड, लावून बघितलं, कोड सी१ वर अडकत होता. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (बायोस म्हणजे बोर्ड चालू करणारा चिपमधला प्रोग्रॅम) सी१ म्हणजे रॅम ओळखायची पायरी, म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, बायोस चिपमधला कोड वाचला जातोय आणि गाडी रॅमपाशी अडलीये. चरीची जागा बघता हे जुळत होतंच. मग रॅम काढली, मीटर डायोड मोडला टाकला, लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा रॅमच्या स्लॉटच्या एकेका डेटा पिनवर. १६८ पिनांच्या या रॅमला डेटाच्या ६४ लाइन, सगळ्या एकाच चिपमध्ये जातात त्यामुळे सगळ्यांचं रीडिंग जवळपास सारखं यायला हवं. ४८०-४९० च्या आसपास येत होतं, आणि सहा पिनांवर ओएल, म्हणजे रस्ताच तुटलेला. सहा तुटलेले ट्रॅक, सहा ओएल. सर्किट डायग्राम माझ्याकडे नव्हता, पण या प्रकारात शेजारच्या चांगल्या लाइन हाच डायग्राम असतो, आणि रॅमच्या पिनांचा क्रम तर ठरलेलाच आहे.

अजून एक तपासणी महत्त्वाची. हे बोर्ड चार थरांचे असतात, वरखाली सिग्नल आणि आत पॉवर आणि ग्राउंडचे अखंड पत्रे. वरचा थर आणि आतला पत्रा यांच्यात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतकंच अंतर. स्क्रूड्रायव्हर खोल गेला तर ट्रॅकचं तांबं आत दाबून त्या पत्र्याला टेकतं, आणि मग वरून कितीही सुंदर जंपर मारा, लाइन ग्राउंडलाच जाते. म्हणून सगळ्या नऊ लाइन ग्राउंडशी आणि ३.३ व्होल्टशी शॉर्ट आहेत का ते बघितलं. नव्हत्या. चरीच्या तळाला फायबरचा पांढरा रंग दिसत होता, तांबं नाही. नशीब भाच्याचं आणि माझंही.

काम असं केलं. ११ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने कीस उचलून कापली. वर वळलेली टोकं परत खाली दाबायच्या फंदात पडलो नाही, ती कापूनच टाकली, कारण उचललेलं तांबं परत चिकटत नाही, ते हलत राहतं आणि मागचंही उचलतं. मग प्रत्येक तुटलेल्या टोकापासून दीड-दोन मिलिमीटर मास्क खरवडलं. ब्लेड उभं धरून आडवं हलक्या हाताने ओढायचं, टोक रुतवायचं नाही. हिरव्याखाली गुलाबीसर तांबं दिसलं की थांबायचं, कारण तांब्याची जाडी साधारण ३५ मायक्रॉन, एक ओढ जास्त झाली की आपणच सातवा-आठवा ट्रॅक तोडलेला असतो. मग फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट, मग सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा कणभर थेंब घेऊन उघड्या तांब्यावरून एकदाच फिरवला, तांबं चंदेरी झालं.

वायरबद्दल थोडं जास्त बोलतो कारण इथंच लोक चुकतात. ट्रॅकची रुंदी साधारण ०.१५ एमएम. मी ०.१ एमएमची इनॅमल वायर घेतली, म्हणजे ४२ गेज. बारीक दिसते म्हणून पुरेल का अशी शंका येते, पण हिशोब केला तर ०.१५ बाय ०.०३५ एमएमच्या ट्रॅकपेक्षा या गोल वायरीतच तांबं जास्त आहे. जाड वायर घेतली तर ती ताठ असते, ट्रॅकला ओढत राहते आणि शेजाऱ्याला शॉर्ट करते. दुसरं, मोटर वाइंडिंगच्या दुकानातली वायर आणली तर तिचं इनॅमल उष्णता सहन करायलाच बनवलेलं असतं, आयर्नने जळत नाही, सोल्डर नुसता घरंगळतो. छोट्या रिलेच्या कॉइलमधली वायर बहुतेक वेळा आयर्नलाच सोलते, मी तीच वापरतो, आधी टोकाला सोल्डर चढवून बघतो आणि ते चंदेरी झालं तरच बोर्डवर नेतो. कंडक्टिव्ह सिल्व्हर पेनबद्दलही विचारतात. रिमोटच्या नाहीतर कीबोर्डच्या प्लास्टिक शीटला ते ठीक आहे, मदरबोर्डच्या डेटा लाइनवर मी ते कधी लावणार नाही.

वायर ट्रॅकच्या रेषेतच ठेवायची, सरळ, लूप नाही. या रॅमचा वेग १०० मेगाहर्ट्झ, एक चक्कर १० नॅनोसेकंदांची, आणि बोर्डमध्ये सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, तेव्हा मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर या बोर्डला काही फरक पडत नाही. आजच्या खूप वेगवान डीडीआर ४, डीडीआर ५ रॅमच्या लाइनवर मी इतकं निर्धास्त बोलणार नाही. पण लूप ठेवला तर हात लागून, ब्रश लागून तो उपटतो, म्हणून सरळ. आयर्न ३२० डिग्री, टेकवायचा एक-दीड सेकंद. जास्त वेळ धरला की तांब्याखालचा चिकट थर सैल होतो आणि ट्रॅक सालीसारखा निघून येतो. बोर्ड जुना, शिशाचा सोल्डर असलेला, त्यामुळे ६३-३७ चा, म्हणजे कथील-शिशाचा, सोल्डर त्याच्याशी छान मिळाला.

सहा जंपरला पावणेतीन तास गेले. मीटर बझरवर टाकून सहाही लाइन वाजवल्या, वाजल्या. शेजारी-शेजारी शॉर्ट बघितला, नव्हता. सातवा ट्रॅक, तो ओरखड्याचा, त्यालाही प्रोब टेकवले, टुंऽऽ वाजला. मग सगळ्यावर यूव्ही मास्कचा थर दिला, दिव्याखाली सुकवला. बोर्ड चालू झाला, रॅम मोजली गेली, मेमटेस्टचा, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा, एक पास निर्दोष. काका समोर, तीन दिवसांचं काम तुंबलेलं, त्यांनी त्याच संध्याकाळी बोर्ड नेला आणि रात्री नऊला फोन करून सांगितलं, मशीन चालू झालं. मी निवांत झोपलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत फोन. मशीन काम चालू असताना मध्येच अडकलं, पंच भलत्या जागी पडला, तीन पत्रे वाया गेले. बंद करून चालू केलं की सकाळी दीड-दोन तास ठीक, मग परत तेच. बोर्ड परत टेबलावर आला आणि मी काकांना तिथंच सांगितलं की हे माझ्याकडून राहिलंय, तुमच्या मशीनचं काही नाही. सकाळी ठीक आणि दुपारी बिघाड, म्हणजे गरम झाल्यावर बिघाड, आणि मी टेस्ट केली होती उघड्या बोर्डवर, पंख्याखाली, पावसाळी थंडाव्यात, फक्त एक पास. पत्र्याच्या शेडमधल्या बंद कॅबिनेटमध्ये काय होतं त्याचा विचारच केला नव्हता.

या वेळेला बोर्ड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवला, हेअर ड्रायर लांबून सोडला आणि मेमटेस्ट लावली. पंचवीस मिनिटांनी लाल ओळी सुरू झाल्या. इथं मेमटेस्ट जे दाखवते ते नीट वाचलं की निम्मं काम होतं. चुकलेल्या बिटांच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच आकडा, ०००००४००. हा सोळाच्या पायाचा (हेक्साडेसिमल) आकडा, म्हणजे शून्यापासून मोजत गेलं तर दहावा बिट. रॅमचा रस्ता ६४ बिटांचा आणि मेमटेस्ट ३२-३२ चे तुकडे दाखवते, तेव्हा हा दहावा का बेचाळीसावा? ते चूक रॅममध्ये ज्या जागी सापडली तिच्या पत्त्याच्या शेवटच्या अंकावरून कळतं, ० किंवा ८ असेल तर खालचा अर्धा, ४ किंवा सी असेल तर वरचा. सगळ्या चुका ० आणि ८ वर. म्हणजे डेटा लाइन १०, १६८ पिनांच्या स्लॉटवर पिन १४. दोन्ही रॅम एकेक करून, अदलाबदल करून बघितल्या, आकडा तोच. म्हणजे रॅम निर्दोष, रस्ता दोषी. पिन १४ पासून ट्रॅकच्या मागे मागे गेलो तर तो कुठं पोचला? चरीतल्या सातव्यावर.

तोच, जो बझरवर वाजला होता.

परत वाजवला. परत वाजला. आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी प्रोब ओरखड्याच्या अगदी शेजारी, वरून दाबून धरतोय. ट्रॅकमध्ये चीर गेलेली, माझ्या दाबानेच ती मिटतेय आणि मीटर मला सांगतंय की सगळं छान आहे. वर बझर हा फार उदार असतो, बहुतेक मीटरमध्ये तो तीस-पन्नास ओहमांच्या खाली सगळ्यालाच वाजतो. पाच सेंटिमीटरच्या धड ट्रॅकचा रेझिस्टन्स येतो जेमतेम ०.१६ ओहम. ०.१६ आणि २० ओहम, बझरला दोन्ही सारखेच.

मग मोजमाप बदललं. साध्या मीटरने इतका छोटा रेझिस्टन्स नीट कळत नाही कारण प्रोबच्या वायरीच त्याहून जास्त भरतात. म्हणून १.५ व्होल्टचा सेल, त्याच्याशी सिरीजमध्ये १५ ओहमचा रेझिस्टर, म्हणजे साधारण १०० मिलिअँपिअर करंट. बोर्डला पॉवर नाही, रॅम काढलेली. रॅम स्लॉटच्या पिनचं मागचं टोक आणि चिपसेटजवळची त्याच लाइनची व्हिया (एका थरातून दुसऱ्या थरात जाणारं तांब्याचं भोक), इथून इथपर्यंत हा करंट सोडायचा आणि त्याच दोन जागी वेगळे प्रोब लावून मिलिव्होल्ट वाचायचे. ओरखड्याच्या आसपास हात लावायचा नाही, दाबायचं नाही. शेजारच्या, न दुखावलेल्या लाइनवर १६, १७, १६ असं आलं. माझ्या सहा जंपरांवर १५ ते १८. मास्क गेलेल्या शेवटच्या दोघांवर १६ आणि १७. सातव्यावर ६१, आणि आकडा थरथरत होता. ड्रायरची फुंकर मारली तर ९०, १४०, आणि एकदम दीड व्होल्टच्या जवळ, म्हणजे लाइन पूर्ण उघडी. दोन-तीन मिनिटं गार होऊ दिलं की परत साठ-सत्तर. समोर दिसत होतं सगळं, बोर्ड गरम होऊन किंचित ताणला की चीर उघडते, गार झाला की मिटते.

मी सुकवलेलं यूव्ही मास्क ब्लेडने काढलं, मायक्रोस्कोपचं मॅग्निफिकेशन वाढवलं आणि प्रकाश आडवा टाकला. वरून सरळ प्रकाशात जो नुसता ओरखडा होता, त्याच्यात आडव्या प्रकाशात काळी रेघ दिसली, ट्रॅकच्या एका कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत. एका कडेला तांब्याचा धागा राहिला होता, तोच दोन दिवस मशीन चालवत होता. मी तो धागाही कापून टाकला. मुद्दाम. कारण अर्धवट तुटलेल्यावर जंपर टाकला तर खालचं काय चाललंय ते मोजता येत नाही, पूर्ण तोडला की जंपर एकटाच बोलतो. मग सातवा जंपर, तसाच, सरळ. त्यावर सेल लावून मोजलं, १७. गरम करून १८, तांबं तापलं की एवढं वाढायचंच. थरथर नाही.

या वेळी घाई केली नाही. मेमटेस्ट खोक्यात, ड्रायर मधून मधून, रात्रभर. आठ पास, एकही लाल ओळ नाही. पैसे पहिल्या वेळचेच घेतले, दुसऱ्या वेळचे मागायचा मला हक्क नव्हता. वाया गेलेल्या पत्र्यांबद्दल काका काही बोलले नाहीत, पण मला ते तीन पत्रे अजून आठवतात, आणि आता माझ्या टेबलावर नियम आहे की ओरखडा दिसला की तो ट्रॅक तुटलेलाच धरायचा, मिलिव्होल्टने निर्दोष सुटेपर्यंत.

बोर्ड न्यायला या वेळी भाचा एकटा आला. त्याला मायक्रोस्कोपखाली सगळं दाखवलं, सात चंदेरी रेघा शेजारी-शेजारी. बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, दादा, मोजून बघू का मी? सेल आणि प्रोब त्याच्या हातात दिले. पहिल्यापासून सुरू केलं त्याने, प्रत्येक आकडा मोठ्याने वाचायचा आणि एका कागदावर पिन नंबरसमोर लिहायचा, हात सुरुवातीला कापत होता, चौथ्या-पाचव्यापर्यंत स्थिर झाला. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवलाय. कूलर बसवताना स्क्रूड्रायव्हर वापरला नाही, नट ड्रायव्हरची पोकळ नळी पट्टीच्या टोकावर टोपीसारखी बसवून दाबली, ती सटकत नाही. आणि तरी सॉकेटच्या बाजूला जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला होता त्याने, मी न सांगता.